गंठण वरच्या मातीत आहे, मग खोलीचे पैसे कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बीड जिल्ह्यातल्या, कालव्याच्या पाण्याखालच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. सोयाबीनची काढणी चालू असताना त्यांच्या गळ्यातलं दीड तोळ्याचं गंठण रानात पडलं. काळे मणी, सोन्याची बारीक साखळी, दोन वाट्या आणि खाली छोटं पदक, असं ते गंठण. संध्याकाळी घरी आल्यावर गळा मोकळा लागला तेव्हा कळलं. घरच्यांनी रान पालथं घातलं, मिळालं नाही. पुढे बणीम (कापलेल्या पिकाची गंज) लागली, मळणीही झाली. रान दोन एकरांचं आहे. वरचा भाग काळ्या मातीचा, खालच्या अंगाला कालव्याचा पाझर लागून जमीन चोपण, म्हणजे खारवट, झालेली. आता घरात मेटल डिटेक्टर घ्यायचं घाटतंय. पती म्हणतात, सिंगल फ्रिक्वेन्सीचं (विजेच्या एकाच कंपनसंख्येवर चालणारं) 30 हजारांचं यंत्र पुरे. दीर म्हणतात, घ्यायचं तर मल्टी फ्रिक्वेन्सीचं, लाखाच्या घरातलं, कारण दुकानदारानं सांगितलंय की जितक्या फ्रिक्वेन्सी जास्त तितकं यंत्र खोल बघतं. दिरांच्या मनात आणखीही एक हिशेब आहे. पणजोबांनी रझाकारांच्या धामधुमीत वाड्यात हाली, म्हणजे निजामी, रुपयांचा हंडा पुरला, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. त्याच यंत्रानं तो हंडाही काढू आणि गावच्या पांढरीवरही, म्हणजे जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्यावरही, फिरू, असं ते म्हणतात. मधल्या काळात एक माणूस अँटेनाची काडी घेऊन घरी येऊन गेला. ही काडी दोनशे फुटांवरचं सोनं दाखवते, असं त्याचं म्हणणं. सोयाबीनचे पैसे हातात आहेत, हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली आहे, आणि सासूबाई रोज सौभाग्याचं लेणं गेल्याचं बोलून दाखवतात. ताई विचारतात: सिंगल घ्यावं की मल्टी? आणि माझ्या हातून हरवलं म्हणून घरानं एवढा खर्च करावा का?

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. "माझ्या हातून हरवलं" असं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे. दिवसभर वाकून सोयाबीन कापणाऱ्या बाईच्या गळ्यातली साखळी खाली लोंबते, वाळलेल्या शेंगांचं टोक तिच्या कडीत अडकतं, आणि हाताला झटका बसतो तेव्हा आकडा उघडतो. त्या रानात तुम्ही घरासाठी राबत होता. सासूबाईंना त्यात अपशकुन दिसत असेल, पण झालंय ते एवढंच की एक आकडा झिजला होता. हे मी समजुतीपुरतं म्हणत नाही. हा अपराधीपणा तुमच्या मनात असेपर्यंत घरातला कोणीही कोणताही खर्च पुढे करील आणि तुम्ही "नको" म्हणू शकणार नाही. यंत्राचा निर्णय त्याच्या गुणावर व्हायला हवा.

आता यंत्राकडे येऊ. तुमच्या घरातल्या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरून चालली आहे की प्रश्न खोलीचा आहे. मला तसं वाटत नाही. तुमचं गंठण याच काढणीत पडलंय. त्यानंतर रानात नांगर गेला नाही, रोटाव्हेटर गेला नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. मग ते एकतर धसकटांच्या बुडाशी पडलंय, नाहीतर पायाखाली दबून दोन-चार बोटं मातीत गेलंय, नाहीतर कापलेल्या सोयाबीनबरोबर बणमीत आणि तिथून भुसकटात गेलंय. तिन्ही ठिकाणी खोली नाही. दुकानदार तुम्हाला खोलीचे पैसे मागतोय आणि तुमची वस्तू वर आहे.

फ्रिक्वेन्सीचा खरा संबंध कशाशी आहे ते सांगते. यंत्राच्या टोकाला जी गोल थाळी असते, कॉईल, तिच्यातून दिशा बदलत राहणारी वीज फिरते. 5 किलोहर्ट्झचं यंत्र म्हणजे ही वीज सेकंदाला 5 हजार वेळा मागेपुढे होते. त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते जमिनीत शिरतं, वाटेत धातू आला तर त्या धातूच्या अंगात विजेचे छोटे भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांचं उलट क्षेत्र थाळीतली दुसरी तार ऐकते. बाजारात माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो. लहान मडक्याचा आवाज बारीक येतो, रांजणाचा घुमारदार. धातूचंही काहीसं तसंच असतं. जाड, मोठी, वीज चांगली वाहून नेणारी वस्तू, म्हणजे चांदीचा रुपया किंवा तांब्याचा हंडा, कमी फ्रिक्वेन्सीला जोरात उत्तर देते. पातळ, लहान, मिश्रधातूची वस्तू जास्त फ्रिक्वेन्सीला चांगलं उत्तर देते. सोन्याचा दागिना या दुसऱ्या गटात येतो. शुद्ध सोनं विजेचं उत्तम वाहक आहे, पण 22 कॅरेट करताना त्यात तांबं-चांदी मिसळली की ती वाहकता बरीच घटते, आणि आपले दागिने पत्र्यानं पातळ असतात.

म्हणून सिंगल फ्रिक्वेन्सी म्हणजे कमी प्रतीचं, असं समजू नका. ती फ्रिक्वेन्सी किती आहे हे विचारा. 6 ते 8 किलोहर्ट्झवर चालणारी स्वस्त यंत्रं मुख्यतः नाण्यांसाठी बनवलेली असतात. तुमच्या पदकाला ती उशिरा किंवा अर्धवट ओळखतील. 15 ते 20 किलोहर्ट्झचं सिंगल यंत्र तुमच्या कामाला जवळचं आहे. खाणीतले सोन्याचे बारीक कण शोधायला बनवलेली यंत्रं तर 45 किलोहर्ट्झ आणि त्याहूनही वर जातात, पण ती लोखंडी चुऱ्यावरही सारखी किंचाळतात.

मल्टीचा गुण वेगळा आहे. तो समजून घ्यायचा तर आपली माती समजून घ्यावी लागते. मराठवाड्याची काळी माती सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकातून, बेसॉल्टमधून झिजून झाली आहे. त्या खडकात लोखंडाची चुंबकीय खनिजं असतात, ती मातीत आणि मुरमात उतरतात. शेतातल्या मातीत लोहचुंबक फिरवलं तर काळी भुकटी चिकटते, तीच ही. डिटेक्टरला ही माती स्वतःच धातूसारखी ऐकू येते. परदेशातल्या हलक्या मातीत नाणं वीतभर खोल दाखवणारं यंत्र आपल्याकडे त्याच्या निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून परदेशी व्हिडिओ बघून खोलीचा अंदाज बांधू नका. चोपण जमिनीत त्यावर दुसरी अडचण येते. तिथे क्षार असतात, आणि ओली खारी माती वीज वाहून नेते. चुंबकीय मातीचा आवाज वेगळा आणि खाऱ्या मातीचा वेगळा. एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र यातला एक आवाज नीट गाळू शकतं, दोन्ही एकदम गाळायला त्याला अवघड जातं. एकाच वेळी दोन-तीन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारं यंत्र त्यांची तुलना करून दोन्ही गाळतं. समुद्रकिनाऱ्यावर मल्टी यंत्रं एवढी गाजली ती याच गुणामुळे. अमेरिकेतल्या फिशर कंपनीची 5 आणि 15 किलोहर्ट्झवर चालणारी यंत्रं आणि ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबचं सॉव्हरिन 1991 च्या सुमाराला आलं. माइनलॅबचं 2018 चं इक्विनॉक्स आल्यावर हे तंत्र स्वस्त झालं आणि सामान्य छांदिष्टाच्या हाती पोचलं.

मग खालच्या चोपण अंगासाठी मल्टीच घ्यावं का? इथे एक बारीक गोष्ट आहे, ती दुकानदार सांगणार नाही. खाऱ्या ओल्या मातीचा आवाज आणि बारीक सोन्याच्या साखळीचा आवाज एकमेकांच्या फार जवळ असतात. यंत्र मिठाचा आवाज गाळायला लागलं की त्याबरोबर बारीक साखळीचा आवाजही गाळला जातो. किनाऱ्यावर महागड्या मल्टी यंत्रांखालून पातळ साखळ्या निसटतात त्या यामुळेच. साखळीची दुसरी अडचण अशी की तिच्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, भोवरा अख्ख्या साखळीत फिरत नाही, एकेका कडीत फिरतो. यंत्राला दीड तोळ्याचं गंठण दिसतच नाही, त्याला कणाएवढ्या कड्या दिसतात. काचेचे काळे मणी तर त्याला अजिबातच दिसत नाहीत.

तुमच्या बाजूनं असलेली गोष्ट म्हणजे त्या दोन वाट्या आणि पदक. वाटी सलग पत्र्याची असते, तिच्यात भोवरा पूर्ण फिरतो, आणि ती साखळीपेक्षा कितीतरी ठळक वाजते. यंत्रानं गंठण शोधायचं नाही, वाटी शोधायची. हे डोक्यात ठेवलं की यंत्र तपासायची रीतही सापडते. नणंदेची, जावेची, कोणाची तरी तशीच वाटी मागून घ्या. तिला लांब लाल दोरा बांधा, म्हणजे दुसरी वस्तू हरवायची वेळ येणार नाही. ती तुमच्याच रानात आधी मातीवर ठेवा, मग दोन बोटं मातीखाली, मग चार बोटं. वरच्या काळ्या रानात एकदा आणि खालच्या चोपणात एकदा. जे यंत्र दोन्हीकडे चार बोटांखालची वाटी पुन्हा पुन्हा, दोन्ही दिशांनी फिरवल्यावर वाजवतं, ते तुमचं यंत्र. त्याच्यावर सिंगल लिहिलंय की मल्टी, याला मग फारसा अर्थ उरत नाही. दुकानात हवेत अंगठी फिरवून दाखवतात त्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. हवेत आपली माती नसते.

दिरांना दुकानदाराला विचारायला एक प्रश्न देते: या फ्रिक्वेन्सी यंत्र एकाच वेळी सोडतं, की आपण बटण दाबून एक निवडायची? बाजारात दोन्ही प्रकार "मल्टी" या एकाच नावाखाली विकले जातात. बटणानं निवडायचं यंत्र त्या क्षणी सिंगलच असतं. माती आणि मीठ एकदम गाळण्याचा गुण त्यात येत नाही. आणि आकड्यांना भुलू नका. जुन्या यंत्रांच्या जाहिरातीत 17 फ्रिक्वेन्सी, 28 फ्रिक्वेन्सी असं छापलेलं असे. प्रत्यक्ष काम मोजक्या दोन-तीन फ्रिक्वेन्सींच्या तुलनेवर चालतं. शिवाय थाळीतून निघणारी ताकद तेवढीच असते, ती अनेक फ्रिक्वेन्सींत वाटली जाते. "जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे जास्त खोल" या वाक्याला कुठलाच आधार नाही.

आता कामाचं. यंत्र येण्याआधी तुमच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ. त्या दोन एकरांत रोटाव्हेटर घालू देऊ नका. एकदा तो फिरला की साखळी तुटेल, वाट्या चेपतील, आणि सगळं वीतभर मातीत मिसळेल. आज जे काम 15 किलोहर्ट्झचं साधं यंत्र करू शकतं ते मग कोणत्याच यंत्राला सोपं राहणार नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, त्या भेगा कधी कधी कंबरेएवढ्या खोल जातात. वर पडलेली वस्तू एखाद्या भेगेत गेली तर ती कायमची गेली. म्हणून शोध आत्ता, ओल असताना, पेरणीच्या आधी घ्यायचा.

सगळ्यात आधी भुसकट बघा. पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की तुम्ही रान पालथं घातलं, पण भुसकटाचा ढीग कुणी पाहिला का? त्या दिवशीची कापणी ज्या बणमीत गेली तिचं भुसकट वेगळं ओळखता येत असेल तर गुरांना घालू नका, कुणाला देऊ नका. तिथे शोधणं सोपंही आहे, कारण भुसकटात लोखंडी खनिज नाही, क्षार नाही. तिथे अगदी साधं यंत्रसुद्धा आपली पूर्ण ताकद दाखवतं. थाळी खाटेवर उलटी ठेवा (खाट लाकडाची आणि सुंभाची हवी, लोखंडी पलंग नको), आणि प्लास्टिकच्या घमेल्यात थोडं थोडं भुसकट घेऊन तिच्यावरून न्या. मळणी यंत्राच्या चाळणीखाली, जिथे ते उभं होतं त्या जागेवर, ट्रॉलीच्या कोपऱ्यात, ताडपत्रीच्या घडीत, सगळीकडे हेच करा. सोयाबीन अजून घरात पोत्यात असेल तर पोत्यांवरूनही थाळी फिरवा.

मग रान. त्या दिवशी तुम्ही कोणत्या तासापासून कोणत्या तासापर्यंत कापलं, दुपारची भाकरी कुठे खाल्ली, पाणी प्यायला कुठून गेलात, हे बरोबरच्या बायकांना घेऊन रानात उभं राहून आठवा. दोन एकर कमी होऊन अर्ध्या एकरावर येतील. मला वाटतं, या आठवणीच्या कामाची किंमत लाखाच्या यंत्रापेक्षा जास्त आहे. दोन दोऱ्या ताणून हातभर रुंदीचे पट्टे पाडा. धसकटं उंच असतील तर आधी खुरप्यानं बुडातून कापून घ्या, म्हणजे थाळी मातीला लागून फिरेल. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. यंत्र सावकाश फिरवायचं. पुरुष मंडळी सहसा गवत कापल्यासारखं फिरवतात, त्यात बारीक आवाज निसटतो.

यंत्राला सुरुवातीला जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं. स्वच्छ जागा बघून थाळी फूटभर उचलायची, खाली न्यायची, असं करत आवाज एकसारखा होईपर्यंत जुळवणी करायची. ही सोय ज्यात नाही, कारखान्यातून एकाच जुळवणीवर बांधून आलेलं जे यंत्र असतं, ते आपल्या मातीत घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. काळ्या रानातून चोपणात उतरलात की पुन्हा जुळवा. यंत्र फार कुरकुरायला लागलं तर संवेदनशीलता कमी करा; आपल्या मातीत ती पूर्ण चढवली की मातीचाच गोंगाट वाढतो आणि वाटीचा आवाज त्यात बुडतो. थाळी लहान मिळाली, सहा इंचांच्या आसपासची, तर तीच लावा. लहान थाळी एका वेळी कमी माती ऐकते, म्हणून तिला लहान वस्तू स्पष्ट कळते. तुम्हाला खोली नकोच आहे.

आणखी एक चूक सगळे करतात. यंत्रात "कचरा गाळा" अशी सोय असते. ती लावली की गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटल्यांची झाकणांखालची चकती, गोळ्यांची पाकिटं गाळली जातात. पण पातळ सोनं यंत्राला त्याच ॲल्युमिनियमच्या वर्खासारखं ऐकू येतं. कचरा गाळलात की गंठणही गाळलंत. फक्त लोखंड गाळा, बाकी प्रत्येक आवाज उकरून बघा. मल्टी यंत्र कितीही महाग असो, वर्ख आणि सोनं यांतला फरक ते खात्रीनं सांगू शकत नाही. त्या अर्ध्या एकरात पुष्कळ पुड्या निघतील. निघू द्या.

यंत्र तुम्ही स्वतः फिरवणार असाल तर पायातली जोडवी, पैंजण, हातातल्या पाटल्या काढून ठेवा. खुरपं आणि मोबाईल लांब ठेवा. हे किरकोळ वाटेल, पण या यंत्राचा इतिहासच तिथून सुरू होतो. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनी ती गोळी शोधायला असंच यंत्र त्यांच्या अंगावरून फिरवलं होतं. गोळी सापडली नाही, आणि अंथरुणाखालच्या लोखंडी तारांनी यंत्राला चकवलं, असं पुढे सांगितलं गेलं. रानावरून विजेच्या तारा जात असतील तर थ्री फेजची पाळी नसेल त्या वेळी शोधा. तारांचा आणि मोटारींचा गोंगाट यंत्रात शिरतो, आणि अनेक फ्रिक्वेन्सींवर ऐकणाऱ्या मल्टीला तो बहुधा जास्त छळतो. सिंगलची फ्रिक्वेन्सी थोडी इकडेतिकडे सरकवून त्यातून वाट काढता येते.

हे एवढं सगळं एका-दोन दिवसांचं काम आहे. त्यासाठी यंत्र विकत घ्यायलाच हवं का? माझं मत, नको. दुकानदाराला सांगा, यंत्र घेऊन रानात ये, वाटीची चाचणी दाखव, दिवसाचे पैसे देतो. तालुक्याच्या गावात कुणा हौशी माणसाकडे यंत्र असेल तर त्याला दिवसाची मजुरी आणि वर काही बक्षीस ठरवून बोलवा. ठरेल ते आधी, चार माणसांसमोर ठरवा. भाड्यानं दोन्ही प्रकार मिळत असतील तर वरच्या रानात 15 ते 20 किलोहर्ट्झचं सिंगल आणि खालच्या चोपणात एकाच वेळी चालणारं मल्टी, अशी विभागणी मी करीन. काहीच जमलं नाही आणि घ्यायचंच ठरलं, तर तुमच्या पतींचं मत बरोबर आहे. फक्त जुळवणीची सोय आणि फ्रिक्वेन्सी बघून घ्या. त्या दिवशी तुम्ही चोपण अंगालाच कापत होता असं आठवणीतून निघालं, तरच मल्टीचा विचार करा, आणि तोही वाटीची चाचणी पास झाल्यावर.

मोबाईलवर "सोनं शोधा" अशी ॲप्स असतात, ती कुणी सुचवली असतील तर सोडून द्या. मोबाईलमधला होकायंत्राचा भाग लोखंड ओळखतो, सोनं-चांदी त्याला कळतच नाही. अँटेनाच्या काडीवाल्या माणसाला तर पुन्हा उंबरा ओलांडू देऊ नका. दोनशे फुटांवरून सोनं दाखवणारं यंत्र जगात नाही. असलीच काडी इराकी पोलिसांना बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिक या माणसाला 2013 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानं 10 वर्षांची कैद दिली. त्या काड्यांत काहीच नव्हतं, आणि त्यांच्यावर विसंबून माणसं मेली.

आता दिरांचा हंडा. त्यांना मी हसण्यावारी नेत नाही. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होईपर्यंतचे ते महिने आपल्या भागानं कसे काढले ते घराघरांत माहीत आहे. माणसं रातोरात गाव सोडत होती, आणि सोबत नेता येत नव्हतं ते पुरत होती. तुमच्या पणजोबांनी काही पुरलं असणं अगदी शक्य आहे. ते परत येऊन त्यांनी किंवा आजोबांनी ते काढून घेतलं असणंही तितकंच शक्य आहे. अशा गोष्टींत पुरल्याची आठवण पुढे जाते, काढल्याची जात नाही. घरात त्यानंतर कुठे जमीन घेतली, विहीर पाडली, मुलीचं लग्न थाटात झालं, याचा आधी हिशेब लावून बघा.

आणि समजा हंडा आहे. तरी गंठणाचं यंत्र त्याला उपयोगी नाही. हंडा मोठा, जाड, चांदी-तांब्याचा, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचा, आणि तो तीन-चार फूट खाली असणार. जुन्या वाड्याच्या भुईत खिळे, कड्या, नाल, तुटके फाळ यांची दाटी असते. जुन्या चुलीखालची भाजलेली माती तर कच्च्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय होते आणि धातूसारखी वाजते. अशा ठिकाणी लहान थाळीचं यंत्र, सिंगल असो की मल्टी, खिळ्यांतच दिवस घालवील. मोठ्या, खोल वस्तूसाठी दोन पेट्या दांडीच्या दोन टोकांना लावलेलं वेगळंच यंत्र असतं. त्याला खिळा-नाणं ऐकू येत नाही, हंड्याएवढी वस्तू ऐकू येते. एकाच खर्चात दोन्ही साधायचा दिरांचा हिशेब इथे मोडतो, आणि तो शांतपणे त्यांना सांगता येईल.

कायदाही त्यांना सांगा. 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडवलेली 10 रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि सापडणाऱ्याचा वाटाही जातो. शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजांनी पुरलेलं असेल, तर वारसांना दिवाणी न्यायालयात हक्क मांडायची वाट त्याच कायद्यात ठेवलेली आहे. म्हणजे खरंच काही निघालं तर उघडपणे कळवण्यातच तुमच्या घराचं हित आहे. पायाळू माणूस आणू, अमावस्येला पूजा मांडू, असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांवर महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि अशा प्रकारांत बहुधा घरातल्या लेकराबाळांचा आणि बायकांचा बळी जातो.

पांढरीवर मात्र यंत्र घेऊन पाऊल टाकू नका. इथे मी सल्ला देत नाही, विनंती करते. आपल्याकडची पांढर म्हणजे जुन्या वस्तीचा ढिगारा. कित्येक ठिकाणी तो दोन हजार वर्षांचा आहे. माळवदावर टाकायला आपण तिथली माती आणत आलो, आणि तिच्याबरोबर किती इतिहास छपरावर गेला त्याची गणती नाही. धाराशिवजवळचं तेर म्हणजे जुनं तगर, पैठण म्हणजे प्रतिष्ठान. रोमशी व्यापार करणारी ही गावं. सातवाहनांची पुष्कळशी नाणी शिशाची आणि मिश्रधातूची आहेत, बाजारात त्यांना फारसा भावही नाही. त्यांचं मोल ती कोणत्या थरात, कशाशेजारी सापडली यात आहे, आणि खुरप्यानं उकरलेलं नाणं ते सगळं गमावून बसतं. दिरांना जुन्या वस्तूंची खरी ओढ असेल तर त्यांना तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात घेऊन जा. एका घरानं हौसेनं जमवलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलंय. गावच्या पांढरीत पावसानं काही उघडं पडलेलं दिसलं तर त्यांनी तलाठ्याला, तहसीलला कळवावं. संरक्षित जागेवर खणणं हा गुन्हा आहे, हे तर आहेच.

ताई, पेरणीचं सांगून थांबते. हरभरा फार लांबवू नका, गंठणासाठी हंगाम घालवायचा नाही. ज्या अर्ध्या एकरावर संशय आहे तो पट्टा आधी शोधून घ्या, आणि तोवर यंत्राची सोय झाली नाही तर तेवढाच पट्टा पड ठेवून बाकीचं रान पेरा. तो पट्टा पेरावाच लागला तर रोटाव्हेटर न घालता धसकटांत तशीच टोकण करा, बांधावर दोन्ही बाजूंना दगडाच्या खुणा ठेवा, आणि हरभरा निघाल्याबरोबर, भेगा रुंदावायच्या आत, तिथे पुन्हा वाटी आणि लाल दोरा घेऊन उतरा.